पटावरचे सैन्य आणि कादंबरीकार

मराठी भाषेत दीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' म्हणतात, हे नाव मुळात एका कन्येचे आहे. सातव्या शतकात हर्षवर्धन राजाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने जी गद्यकथा रचली, तिची नायिका कादंबरी ही चित्ररथ गंधर्वाची मुलगी होय. कथा पुरी होण्यापूर्वीच बाण निवर्तला आणि त्याच्या पुत्राने उरलेला भाग लिहून ती सिद्धीस नेली. पुढे बारा शतके लोटल्यावर, इंग्रजी वाङ्मयाच्या परिचयाने नव्या धर्तीच्या कथा हिंदुस्थानातील भाषांत अवतरू लागल्या, तेव्हा त्यांना नाव काय द्यावे असा प्रश्न पडला. बंगाली आणि हिंदी लेखकांनी 'उपन्यास' हा शब्द घेतला, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. मराठी आणि कानडी या दोन शेजारणींनी मात्र बाणाच्या नायिकेचे नावच सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठीत जो जो कथा लिहावयास बसला, तो तो नकळत बाणाचा ऋणको झाला.

याच बाणभट्टाचे दुसरेही एक ऋण आहे, आणि ते साहित्यिकांपेक्षा खेळाडूंवर अधिक आहे. बुद्धिबळाचा खेळ हिंदुस्थानात जन्मला असे सर्वत्र मानले जाते. पण त्या प्राचीन चतुरंगाविषयी या देशातील जुना लेखी पुरावा शोधू लागले की हाती फार थोडे लागते, आणि जे लागते त्यातील सर्वांत स्पष्ट साक्ष कोणा गणित्याची नाही वा शास्त्रकाराची नाही. ती बाणाची आहे. कथाकार आणि पट यांची ही गाठ येथेच संपत नाही. तिचा एक धागा गोदातीरी परभणीपर्यंत येतो आणि तेथे सापडलेल्या एका ताम्रपटाशी जुळतो. तो धागा क्रमाने उलगडून पाहण्याजोगा आहे.

'हर्षचरिता'त बाण आपल्या आश्रयदात्याच्या राज्याचे वर्णन करतो. त्याची पद्धत अशी की, जगातील एकेक दोष घ्यावा आणि या राजाच्या राज्यात तो अमुक एका निरुपद्रवी ठिकाणीच उरला आहे असे सांगावे. भांडण उरले ते भुंग्यांत. पाय तोडणे उरले ते छंदातील चरणांपुरते. याच मालिकेत तो म्हणतो की चतुरंगाची रचना उरली ती फक्त अष्टापदावर. अष्टापद म्हणजे आठ घरांच्या आठ ओळींचा, चौसष्ट घरांचा पट. 'चतुरंग' या शब्दावर येथे श्लेष आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी सेनेची चार अंगे, हा त्याचा एक अर्थ. दोन हात आणि दोन पाय अशी माणसाची चार अंगे, हा दुसरा. 'कल्पना' या शब्दाचेही मांडणी आणि तोडणी असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे बाणाच्या एका छोट्या वाक्यात दोन गोष्टी साधल्या आहेत. या राज्यात सैन्याची मांडणी करण्याची वेळ येत नाही. आणि अपराध्याचे हातपाय तोडण्याची क्रूर शिक्षाही द्यावी लागत नाही. दोन्ही गोष्टी पटावर मात्र चालतात.

चमत्कृतीसाठी केलेल्या श्लेषाला इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत मानावे, अशी शंका येणे साहजिक आहे. पण थोडा विचार केल्यास या पुराव्याचे बळ श्लेषातच आहे असे दिसून येईल. श्लेष हा ऐकणाराला ठाऊक असलेल्या गोष्टीवरच करता येतो. ज्या विनोदाचे स्पष्टीकरण द्यावे लागते तो विनोद सभेत पडतो. बाणाने अष्टापदावरील चतुरंगाचा अर्थ कोठेही फोडून सांगितलेला नाही. त्या अर्थी सातव्या शतकाच्या पूर्वार्धात राजसभेतील रसिकांना, चौसष्ट घरांच्या पटावर चार अंगांची सेना मांडतात, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. पट तर त्याहूनही पुष्कळ जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात अष्टापदाचा निर्देश येतो आणि आठ घरांच्या पटावरील खेळ बौद्ध वाङ्मयातही उल्लेखिले आहेत. परंतु त्या पटावर सेना मांडली गेली होती, हे स्पष्टपणे कळते ते बाणाच्या वाक्यावरून. खेळाचे नियम काय होते, मोहरी कशी चालत, हे मात्र त्यावरून मुळीच कळत नाही. आर्थर मॅक्डोनेल या संस्कृतज्ञाने १८९८ साली आणि एच. जे. आर. मरे याने १९१३ च्या आपल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात या उल्लेखाची जी चर्चा केली, तिचे महत्त्व येथेच आहे.

बाणाच्याही आधीचा एक साक्षीदार काही पंडित पुढे करतात, आणि तोही गद्यकथाकारच आहे. 'वासवदत्ता' लिहिणारा सुबंधु वर्षाऋतूचे वर्णन करताना म्हणतो की, पावसाळ्याचा काळ हा जणू पटावर खेळावयास बसला आहे. शेताचे वाफे ही त्याची घरे, आणि लाखेने रंगविल्यासारखी पिवळी व हिरवी बेडकांची पिले टुणटुण उड्या मारतात ती त्याची मोहरी. मराठवाड्याच्या काळ्या रानात पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेल्या पाण्याकाठी पिवळेजर्द बेडूक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कल्पनेतील निरीक्षणाची सत्यता सांगावी लागणार नाही. या खेळाला सुबंधूने जो शब्द योजिला आहे तो 'नयद्यूत' हा होय. नय म्हणजे राजनीती. राजनीतीचा खेळ तो नयद्यूत. हे बुद्धिबळच की दुसरा एखादा पटाचा खेळ, याविषयी पंडितांत एकमत नाही, म्हणून त्यावर फार भार टाकणे बरे नाही. पण मोहऱ्यांना लाखेचा रंग देत, दोन पक्षांचे रंग वेगळे असत, आणि त्या खेळात दैवापेक्षा नीतीचा भाग मोठा समजत, एवढे तरी त्यावरून अनुमानता येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'संस्कृत कविपंचक' लिहिताना कालिदास व भवभूति यांच्या पंक्तीस बाण, सुबंधु व दंडी या तीन गद्यकारांना बसविले. त्या तिघांपैकी दोघे बुद्धिबळाच्या इतिहासात साक्षीदार म्हणून उभे राहतात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

हा निव्वळ योगायोग म्हणावा काय? शास्त्रग्रंथ लिहिणाराला खेळाचे वर्णन करण्याचे कारण नसते आणि शिलालेख कोरविणाराला तर त्याहूनही नसते. गद्यकथेचा विस्तार मात्र असा असतो की तिच्यात राजवाडा, अरण्य, बाजार, पाऊस, बेडूक, सारे काही सामावते. जे इतरांना क्षुल्लक वाटते ते तिला उपमेसाठी लागते. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकारा'त असा एक श्लोक रचून दाखविला की त्याची अक्षरे बत्तीस घरांत मांडून सरळ वाचली काय किंवा घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच राहतो. येथेही पट आला तो साहित्याच्या दारानेच. खेळाला राजाच्या विनोदांत मानाचे स्थान देऊन त्याचे वर्णन करणारा 'मानसोल्लास' हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने लिहिला, तो ११२९ च्या सुमारास. म्हणजे बाणाच्या श्लेषापासून खेळाच्या अशा वर्णनापर्यंत येण्यास दख्खनला पाचशे वर्षे लागली.

आता बाणाच्या स्तुतीकडे पुन्हा वळले पाहिजे. कारण तिच्यात एक विचार दडलेला आहे. सैन्य पटावरच मांडले जाते, रणांगणावर नाही, हे त्याच्या मते सुराज्याचे लक्षण आहे. विचार उदात्त आहे, पण हर्षाच्या चरित्राला तो कितपत लागू पडतो? त्याच 'हर्षचरिता'त वडील बंधू राज्यवर्धनाचा घात झाल्याचे ऐकून हर्ष दिग्विजयाची प्रतिज्ञा करतो आणि प्रचंड सेना घेऊन निघतो. पुढे नर्मदेच्या बाजूस दक्षिणापथाचा स्वामी दुसरा पुलकेशी याच्याशी त्याची गाठ पडली. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात रविकीर्ति कवी तीन महाराष्ट्रकांतील नव्व्याण्णव हजार गावांच्या या स्वामीची थोरवी गातो आणि सांगतो की रणात पडलेले आपले हत्ती पाहून हर्षाचा हर्ष नाहीसा झाला. तिकडे बाणाचा श्लेष, इकडे रविकीर्तीचा श्लेष. एकाने हत्ती पटावर ठेवले, दुसऱ्याने ते रणात लोळविले. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तेव्हा येथील हत्तींना युद्धापूर्वी मद्य पाजून उन्मत्त करतात, असे त्याने नमूद केले आहे. स्तुतीपाठकाची शांतता आणि प्रत्यक्षातील रणधुमाळी यांतील अंतर याहून अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

बाणानंतर सुमारे तीन शतकांनी त्याच्याच परंपरेतला एक कथाकार दख्खनमध्ये झाला. त्याचे नाव सोमदेवसूरि. हा जैन मुनी राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या वेमुलवाडच्या चालुक्य घराण्याच्या आश्रयास होता. त्याचा 'यशस्तिलक' हा गद्यपद्यमिश्रित चंपूग्रंथ शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ साली पुरा झाला. लांबलचक समास, राजवैभवाची दाट वर्णने, जन्मजन्मांतरींची गुंतागुंत, हे सारे पाहता बाणाच्या 'कादंबरी'शी त्याचे नाते तत्काळ ध्यानात येते. या सोमदेवाविषयीचा समकालीन लेख परभणी येथे ताम्रपटांच्या रूपाने उपलब्ध झाला, म्हणून इतिहासकार त्यांस परभणीचे ताम्रपट म्हणतात. शके ८८८, म्हणजे इ. स. ९६६ चा हा लेख आहे. वेमुलवाडचा तिसरा अरिकेसरी याने, आपला पिता बद्देग याने बांधविलेल्या शुभधाम नावाच्या जिनालयासाठी सोमदेवाला एक गाव दान दिल्याचे त्यात नोंदले आहे. दान दिलेले गाव आणि ते जिनालय आजच्या तेलंगणाच्या बाजूचे. पण ती आठवण धातूवर कोरलेली राहिली ती परभणीच्या भूमीत. ज्या जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, तेथे जैन कथाकाराचे नाव असे प्रकट व्हावे, हे त्या भूमीला शोभण्यासारखेच आहे.

'यशस्तिलका'ची कथा अशी. उज्जयिनीचा राजा यशोधर याला राणीच्या व्यभिचाराने वैराग्य येते. मातेला खरे कारण सांगणे शक्य नसल्याने तो दुःस्वप्नाचे निमित्त सांगतो. माता चंद्रमती म्हणते, देवीला पशुबली दे, म्हणजे अरिष्ट टळेल. यशोधर हिंसेला तयार होत नाही, माता हट्ट सोडत नाही. अखेर तोडगा निघतो की खऱ्या प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून तो बळी द्यावा. तसे करण्यात येते. पुढे राणी दोघांनाही विष घालून मारते, आणि मायलेक मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून एकमेकांच्या आसपास फिरत, मारले जात, पुन्हा जन्मत राहतात. शेवटी ते अभयरुचि व अभयमति या जुळ्या भावंडांच्या रूपाने जन्म घेतात आणि मारिदत्त राजा त्यांना नरबलीसाठी आणवितो, तेव्हा त्यांच्या तोंडून ही सारी हकीकत ऐकून त्याचे शस्त्र खाली येते. पिठाच्या कोंबड्यात प्राण नव्हता. पण मारणाराच्या मनात मारण्याचा संकल्प होता, आणि जन्मोजन्मीचे भोग ओढवले ते त्या संकल्पामुळे. जैन नीतिशास्त्रातील भावहिंसेचे हे तत्त्व सोमदेवाने कथेच्या मर्मस्थानी बसविले आहे.

सोमदेवाने हे पटावरील खेळाला उद्देशून लिहिलेले नाही. परंतु बाणाचे वाक्य आणि सोमदेवाची कथा शेजारी ठेवली असता एक खरा प्रश्न उभा राहतो. बाण म्हणतो, सेनेची प्रतिकृती पटावर लढते आहे तोवर राज्य सुखी आहे. सोमदेवाची कथा म्हणते, प्रतिकृती मारली म्हणून मन निर्दोष ठरत नाही. लाकडी प्यादे उचलून पेटीत टाकणारा हात कोणत्या वृत्तीने ते टाकतो, यावरच सारे अवलंबून आहे. द्वेषाने खेळलेला खेळ हे युद्धच आहे, आणि बुद्धीच्या आनंदासाठी खेळलेला खेळ ही युद्धापासूनची सुटका आहे. चौसष्ट घरांचा पट दोहोंनाही जागा देतो.

सोमदेवाने याचे उत्तरही आपल्या परीने दिले आहे, ते त्याच्या 'नीतिवाक्यामृत' या राजनीतीवरील ग्रंथात. सेनेच्या अंगांत हत्ती मुख्य, असे तो तेथे निःसंकोच सांगतो. म्हणजे रणाची भाषा त्याला परकी नव्हती. पण त्याच ग्रंथात तो म्हणतो की शत्रूला बुद्धियुद्धाने जिंकणे अशक्य झाले, तरच राजाने शस्त्रयुद्धास हात घालावा. 'बुद्धियुद्ध' हा त्याचा शब्द विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुबंधूचे 'नयद्यूत', सोमदेवाचे 'बुद्धियुद्ध' आणि मराठीतील 'बुद्धिबळ' हे एकापासून दुसरे निघाले असे म्हणण्यास आधार नाही, पण तिन्ही शब्दांमागची जाणीव एकच आहे. बाहूंच्या बळाला पर्याय म्हणून माणसाने बुद्धीचे बळ उभे केले, ही ती जाणीव.

हा खेळ दरम्यान जग फिरून आला होता. चतुरंगाचा पहलवी भाषेत 'चतरंग' झाला, अरबीत 'शतरंज' झाला, आणि मुसलमानी राजवटींबरोबर तो परदेशी नावे घेऊन स्वगृही परतला. मराठी पटावर वजीर आहे आणि प्यादी आहेत. रथ राहिला नाही, हत्ती कोपऱ्यात उभा आहे आणि उंट नव्याने आला आहे. 'शह' म्हणजे फारसीतील राजा, आणि 'मात' म्हणजे त्याची निरुपाय झालेली अवस्था. आज मराठी माणूस राजकारणात एकाने दुसऱ्याला शह दिला असे म्हणतो, तेव्हा पटाची भाषा व्यवहारात किती खोल गेली आहे हे दिसते. खेळाचे नाव मात्र मराठीने परके घेतले नाही; ते तिने स्वतःचे, बुद्धिबळ असेच ठेवले.

परतलेल्या या खेळाला आणखी एका कादंबरीकाराने न्यायासनापुढे उभे केले. प्रेमचंदांनी १९२४ साली 'शतरंज के खिलाडी' ही कथा लिहिली. १८५६ साली इंग्रजांनी अयोध्येचे राज्य खालसा केले, त्या वेळचे लखनौ हा तिचा देखावा आहे. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन सरदार पटावरचा राजा वाचविण्यात इतके गढून गेले आहेत की स्वतःचा राजा कैद होऊन नेला जातो त्याचे त्यांना सुखदुःख नाही. आणि शेवटी खेळातील एका तंट्यावरून तेच दोघे तलवारी उपसून एकमेकांचा प्राण घेतात. बाणाचे वाक्य येथे अक्षरशः खरे झाले आहे आणि त्याचा अर्थ मात्र पुरता उलटला आहे. सैन्य फक्त पटावर उरले होते. पण ते सुराज्याचे चिन्ह नव्हते, ते राज्यनाशाचे होते. आणि खेळातील द्वेष तलवारीपर्यंत जातो, हे सांगताना प्रेमचंद नकळत सोमदेवाच्या पिठाच्या कोंबड्यापाशी येऊन पोहोचले आहेत.

तीन कथाकार, तीन काळ, आणि एकच पट. पहिल्याने त्यात शांततेचे चित्र पाहिले. दुसऱ्याने, पटाचे नावही न घेता, प्रतिकृतीमागील मनाची झडती घेतली. तिसऱ्याने कर्तव्य विसरलेल्या माणसांचा पळपुटेपणा त्यावर मांडला. खेळाचे नियम शास्त्रकारांनी पुढे लिहिले, डावांची टिपणे खेळाडूंनी ठेवली. पण लाकडाची सेना मांडून बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याची नोंद कथाकारांनीच घेतली, आणि या खेळाच्या अस्तित्वाची स्पष्ट साक्षही त्यांच्याच एका श्लेषाने दिली.

परभणीच्या भूमीला कथाकारांचे वावडे कधीच नव्हते. सोमदेवाच्या ताम्रपटानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, सातोना गावी १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ यांनी परभणीत सरकारी नोकरी सांभाळून कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली त्यांचे निधन झाले. ते जे लिहीत होते त्याला मराठीत कादंबरी म्हणतात. ते नाव बाणाने दिलेले. आणि घराघरांत संध्याकाळी जो चौसष्ट घरांचा पट उलगडला जातो, त्यावर सैन्य मांडतात याची जुनी खूणही बाणानेच ठेवलेली. एकाच लेखणीचे हे दोन वारसे मराठी घरात शेजारी शेजारी नांदत आहेत: एक फडताळात, दुसरा पटावर.